काठी कोणाच्या बोलावण्यावरून येते?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



व्याख्यानमालेच्या समितीने मला विषय विचारला तेव्हा मी "रस्त्यावरचा मनोरुग्ण आणि पोलीस" असे सांगितले. समितीतील एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, तुम्ही बँकेतले. बचत, कर्ज, शिष्यवृत्ती यावर बोला, मुलांना उपयोग होईल." त्यांचे म्हणणे रास्तच होते. मी डॉक्टर नाही, वकील नाही. बी.ए. झालेला, काउंटरवर बसून आयुष्य काढणारा एक क्लार्क आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती आपल्या माणसांपुढे सांगितल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी मी ज्या शाखेत होतो तिच्या पायऱ्यांवर एक माणूस येऊन राहिला. वय चाळीस-पंचेचाळीस, म्हणजे माझ्याच वयाचा. अंगावर दोन सदरे, एकावर एक. केसांच्या जटा झालेल्या. कोणाला त्रास देत नसे, पण स्वतःशीच बोलत असे आणि मधूनच कोणीतरी हाक मारल्यासारखा "आलो, आलो" म्हणून ओरडत असे. दुपारी आत येऊन टेबलावरच्या भरणा स्लिपा घेऊन जाई. ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पेन्शनर लोक म्हणाले, वास येतो. बायका म्हणाल्या, भीती वाटते. साहेब मला म्हणाले, "चौकीला फोन करा." मी केला. काय सांगितले तेही मला आठवते. "दारात एक वेडा बसलाय, त्याला हटवा." एवढेच.

हवालदार आले. त्यांनी "ऊठ" म्हटले. तो उठला नाही. दोनदा, तीनदा म्हटले, आवाज चढला. तो भिंतीकडे तोंड करून "आलो, आलो" म्हणत राहिला. मग काठी आली. पहिली घोट्यावर, दुसरी पाठीवर. त्याने डोक्यावर हात घेतले, तर हवालदारांना वाटले की तो अंगावर येतो आहे. पुढचे मी सांगत नाही. तो लंगडत रस्त्यापलीकडे गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. आम्ही आत येऊन कामाला लागलो. कोणीतरी म्हणाले, "बरे झाले, एकदाचा गेला."

संध्याकाळी शिपाई त्याचे गाठोडे केरात टाकत होता. त्यात आमच्याच स्लिपांचा गठ्ठा होता. मी सहज एक स्लिप पाहिली, मग दुसरी पाहिली. प्रत्येक स्लिपवर नावाच्या रकान्यात एकच नाव आणि खाली एका गावाचे नाव, तालुक्यासह, स्वच्छ अक्षरात लिहिलेले. आम्ही रोज शेकडो स्लिपा वाचणारी माणसे. तो रोज आमच्याच कागदावर आपला पत्ता लिहीत होता आणि तो वाचायला आमच्यापैकी एकालाही सवड झाली नव्हती. तो निघून गेल्यावर मी त्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकले. उत्तर आले नाही.

मित्रहो, त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता मला एक अमेरिकेतील प्रकरण सापडले. ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्याकडे असे घडत नाही म्हणून तिकडचे सांगतो, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. आपल्याकडे अशा घटनांची नोंदच होत नाही. तिथे मात्र कॅमेऱ्यात चित्र आणि पोलिसांच्या रेकॉर्डरवर आवाज टिपला गेला, न्यायालयात खटला चालला, त्यामुळे घटना पायरीपायरीने पाहता येते.

कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन नावाचे शहर आहे. तेथे केली थॉमस नावाचा 37 वर्षांचा माणूस रस्त्यावर राहत असे. त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे आपण ज्याला छिन्नमनस्कता म्हणतो, तो आजार होता. घर होते, वडील होते, आई होती. पण आजाराने तो घराबाहेर पडला होता. 5 जुलै 2011 च्या रात्री बस डेपोजवळ उभ्या असलेल्या मोटारींच्या दारांना कोणीतरी हात लावून पाहत आहे, असा फोन पोलिसांना गेला. इथेही सुरुवात फोनपासूनच झाली, हे लक्षात ठेवा. पोलीस आले. केली निःशस्त्र होता. त्याला खाली बसवून सांगण्यात आले की पाय पुढे पसर आणि हात गुडघ्यांवर ठेव. तो एक करायला जाई तर दुसरे राही. सांगणाऱ्याला तो अवज्ञा करतो आहे असे वाटले. त्याने रबरी हातमोजे चढवले, मुठी दाखवल्या आणि या मुठींनी तुझा समाचार घेईन अशा अर्थाची धमकी दिली. केली घाबरून उठला आणि दूर होऊ लागला. त्यानंतर काठ्या, गुडघे, विजेचा धक्का देणारे टेझर नावाचे शस्त्र. मग त्याच टेझरने तोंडावर प्रहार. एकूण सहा पोलीस जमले. त्या रेकॉर्डिंगमध्ये तो क्षमा मागतो आहे, श्वास घेता येत नाही असे सांगतो आहे आणि पुन्हा पुन्हा आपल्या वडिलांना हाका मारतो आहे. 10 जुलै रोजी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. शवचिकित्सेत मृत्यूचे कारण छाती दाबली गेल्याने श्वास कोंडणे असे दिले गेले.

ज्या वडिलांना तो हाका मारत होता ते स्वतः पूर्वी पोलीस खात्यात, त्याच परगण्यात शेरीफचे डेप्युटी म्हणून नोकरीस होते. त्यांनी मुलाच्या ठेचलेल्या चेहऱ्याचे रुग्णालयातील छायाचित्र लोकांपुढे ठेवले, म्हणून प्रकरण दबले नाही. नागरिक महिनोन् महिने रस्त्यावर आले. 2012 साली तेथील मतदारांनी नगर परिषदेच्या तीन सदस्यांना मतदान करून परत बोलावले. दोन पोलिसांवर खटला चालला. 13 जानेवारी 2014 रोजी ज्युरीने दोघांनाही निर्दोष सोडले आणि तिसऱ्यावरचे आरोप मागे घेण्यात आले. शहराने आईला 2012 साली 10 लाख डॉलर आणि वडिलांना 2015 साली 49 लाख डॉलर देऊन दिवाणी दावे मिटवले.

आता विद्यार्थ्यांनी विचारावे असा प्रश्न येतो. चित्र आहे, आवाज आहे, तरी निर्दोष कसे? बचाव पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, या पोलिसांना जसे शिकवले गेले तसेच ते वागले. त्याखेरीज 1989 सालच्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवून दिले आहे की, पोलिसाने वापरलेले बळ योग्य होते की नाही हे मागाहून मिळालेल्या शहाणपणाने ठरवू नये, त्या जागी, त्या क्षणी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या दृष्टीने ठरवावे. पोलिसाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो, हे खरेच आहे. पण मग त्या समंजस पोलिसाला काय शिकवलेले असते, यावर सारे अवलंबून राहते. "आधी हुकूम, मग मोठा हुकूम, मग काठी" एवढेच शिकवले असेल, तर ज्याला हुकूम समजत नाही त्याच्या वाट्याला काठीच येणार.

कारण आजाराचे स्वरूपच तसे आहे. ज्याच्या कानात सतत कोणी बोलते आहे, कोणी धमकावते आहे, त्याला बाहेरचा आवाज त्या गलक्यातला आणखी एक आवाज वाटतो. तुम्ही जितके मोठ्याने ओरडाल, जितके जवळ जाल, जितकी माणसे वाढवाल, तितकी त्याची भीती वाढते. तो हात वर घेतो ते मार चुकवण्यासाठी, पळतो ते जीव वाचवण्यासाठी. आपण त्याला हल्ला म्हणतो, प्रतिकार म्हणतो. आमच्या पायऱ्यांवर नेमके हेच घडले होते.

फुलर्टनचे प्रकरण एकटे नाही. 16 मार्च 2014 रोजी न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहराजवळच्या डोंगरपायथ्याशी जेम्स बॉइड नावाच्या बेघर मनोरुग्णाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. मूळ तक्रार काय, तर त्या जागी मुक्काम करण्यास बंदी असताना त्याने मुक्काम केला. त्याच्याजवळ चाकू होते, हेही सांगितले पाहिजे. पण काही तास बोलणी होऊन तो आपले सामान आवरत असताना त्याच्यावर धमाका करणारा गोळा टाकला गेला, कुत्रा सोडला गेला आणि मग गोळ्या. खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने 2015 पासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची नोंद अनेक वर्षे ठेवली. त्यात सुमारे पाचातला एक माणूस मानसिक आजाराचा होता.

इतकी माणसे रस्त्यावर आली कोठून? 1955 च्या सुमारास अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्या रुग्णालयांची अवस्था कोंडवाड्यासारखी होती, ती रिकामी करणे योग्यच होते. 1963 साली अध्यक्ष केनेडी यांनी वस्तीवस्तीत उपचार केंद्रे उभारण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्णालये रिकामी झाली, केंद्रे मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत. डॉक्टरांनी सोडलेली जागा कोणीतरी भरणारच. ती पोलिसांनी भरली. ज्या कामाला दवाखाना हवा त्या कामाला काठी गेली.

परंतु दुसरी बाजूही त्याच देशात आहे. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात 1987 साली चाकूने स्वतःलाच जखमा करून घेणाऱ्या एका तरुण मनोरुग्णाला पोलिसांनी गोळ्या घालून मारले. लोक संतापले. पुढच्याच वर्षी, 1988 साली, पोलीस, रुग्णांचे नातेवाईक आणि विद्यापीठातील तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी निवडक पोलिसांसाठी 40 तासांचे शिक्षण सुरू केले. अंतर ठेवा, आवाज खाली आणा, एकानेच बोला, वेळ जाऊ द्या, घाई करू नका, आणि तुरुंगाऐवजी रुग्णालयात न्या. पुढे हीच पद्धत अनेक शहरांनी घेतली. डेन्व्हर शहराने 2020 पासून काही प्रकारच्या फोनवर बंदूकधारी पोलिसांऐवजी आरोग्यसेवक आणि मानसिक आरोग्याचा जाणकार अशी जोडी व्हॅनमधून पाठवायला सुरुवात केली. ओरेगॉन राज्यातील युजीन शहरात तर अशी सेवा 1989 पासून तीन दशकांहून अधिक काळ चालली. ती 2025 साली तेथे बंद पडली, यातूनही धडा घ्यावा. चांगले काम एकदा सुरू करून भागत नाही, ते दर साली पैसा आणि माणूस देऊन चालवावे लागते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे कायदा काय सांगतो? मी फोन केला त्या दिवशी मला हे माहीत नव्हते, म्हणून विद्यार्थ्यांनी हे वहीत टिपून घ्यावे अशी माझी विनंती आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 100 असे सांगते की, आपल्या हद्दीत कोणी मनोरुग्ण भटकताना आढळला आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे वाटले, तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. शब्द पाहा. अटक नाही, हटवणे नाही, संरक्षण. त्याला लवकरात लवकर, फार तर 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचे. त्याला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. आणि तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. याच कायद्याने निराधार आणि बेघर मनोरुग्णाला विनामूल्य उपचाराचा हक्क दिला आहे. त्याआधी 1993 साली शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला होता.

घरच्यांचा शोध घ्यायचा! त्या माणसाने शोध घेण्याचे काम आमच्यासाठी आधीच करून ठेवले होते. नाव, गाव, तालुका. कायदा होता, पत्ता होता, आणि आम्ही काठी बोलावली.

याच्या शेजारीच दुसरा कायदा उभा आहे. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भिकारी कोणाला म्हणावे, तर भीक मागणाऱ्यालाच नव्हे. निर्वाहाचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी भीक मागूनच जगत असावा अशा अवस्थेत जो भटकतो, त्यालाही. आणि त्याला वॉरंटशिवाय पकडता येते, अशी तरतूद त्यात आहे. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती रद्द केली. एकच माणूस, एका कायद्याने रुग्ण, दुसऱ्या कायद्याने पकडण्याजोगा. मग चौकीत त्याला कोणत्या नजरेने पाहिले जाईल हे आपण फोनवर काय सांगतो यावरही ठरते.

निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे या सभागृहातील प्रत्येक रांगेत एखादे घर असे निघेल. ही पाहणी घरोघर जाऊन केलेली होती. ज्याला घरच नाही तो त्या मोजणीत कसा येणार?

उपासक-उपासिकांना पटाचारेची कथा ठाऊक आहे. श्रावस्तीच्या सधन घरातली ही मुलगी. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले एका दिवसात गेली, आईवडील आणि भाऊ घर कोसळून गेले. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळले नाही. लोकांनी काय केले? माती आणि केरकचरा तिच्यावर फेकला, वेडी म्हणून हाकलले. ती जेतवनात आली तेव्हाही लोक तिला अडवू लागले. तथागतांनी त्यांना अडवू नका म्हणून सांगितले, तिला भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर ये म्हणाले. कोणा एकाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. तीच पटाचारा पुढे भिक्खुणी संघात विनय जाणणाऱ्यांत अग्रगण्य ठरली. आपण ही कथा दरवर्षी ऐकतो आणि तथागतांच्या करुणेला वंदन करतो. पण त्या गर्दीत आपण कोठे उभे असतो, याचा विचार करत नाही. मी माती फेकणाऱ्यांत उभा होतो.

आणि आपल्या समाजाने तर हे अधिक ओळखावे. सार्वजनिक पाण्यावर, सार्वजनिक रस्त्यावर "तू इथे नको" हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकले. 1927 साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले ते माणूस म्हणून तेथे उभे राहण्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी. घटनेच्या 21 व्या अनुच्छेदात जीविताचे आणि स्वातंत्र्याचे संरक्षण "व्यक्ती"ला दिले आहे. व्यक्तीला, मग ती शुद्धीवर असो वा नसो, तिचे घर असो वा नसो.

हवालदारांनाच दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. बारा तासांची ड्यूटी करून आले होते. अशा माणसाशी कसे बोलावे हे त्यांना कोणी शिकवले नसावे, आणि आम्ही खिडकीतून पाहत होतो म्हणून त्यांनाही काहीतरी करून दाखवणे भाग होते. पण मारणाऱ्याला दोष नाही असेही नाही. वर्दीने दिलेले बळ दुबळ्यावर वापरले गेले तर ते अन्यायच. मात्र काठी आपण बोलावली असेल तर तिच्या वळाचा काही भाग आपल्या नावावर पडतो.

म्हणून शेवटी थोडे कामाचे बोलतो. आपल्या संस्थेने चार गोष्टी कराव्यात. एक, कलम 100 चा मराठी मजकूर विहाराच्या फलकावर लावावा. दोन, आपल्या हद्दीच्या ठाण्यात शिष्टमंडळ नेऊन, अशा व्यक्तीला कोणत्या सरकारी रुग्णालयात नेले जाते हे विचारून घ्यावे आणि वेळ पडल्यास सोबतीला दोन कार्यकर्ते देऊ असे सांगावे. तीन, असा माणूस दिसला तर फोन जरूर करावा, पण "हटवा" म्हणू नये; "हा माणूस आजारी आहे, याला संरक्षण आणि उपचार हवेत" असे म्हणावे, आणि पोलीस येईपर्यंत व आल्यावरही तेथून हलू नये. साक्षीदार उभा असला की हात थोडा आवरतो. 2022 पासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तेथेही सल्ला मिळतो. चार, त्याचे नाव विचारावे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरचे मनोरुग्ण उचलून, उपचार करून, हजारोंना त्यांच्या गावी, घरी पोहोचवले आहे. याच कामासाठी 2018 साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे ही माणसे बरी होतात, घरी जातात. गाव सांगतात, फक्त कोणीतरी ऐकायला हवे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले काही जण पोलीस भरतीची तयारी करत आहेत, पहाटे मैदानावर धावताना मी तुम्हाला पाहतो. तुम्ही नक्की भरती व्हा. उद्या वर्दी अंगावर आली आणि एखाद्या बँकेतून फोन आला की दारात वेडा बसलाय, तर जा, काठी जीपमध्ये ठेवा, दोन हात अंतरावर खाली बसा आणि विचारा, "दादा, गाव कोणते तुमचे?" उत्तर लगेच येणार नाही. थांबा.

त्या गठ्ठ्यातली एक स्लिप मी जपून ठेवली आहे. पोस्टकार्डाचे उत्तर आले नाही, म्हणून मी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या गावी जाण्यासाठी निघालो होतो आणि काही कारण काढून स्टँडवरूनच परत आलो. खरे कारण भीती. त्याच्या घरी कोणी भेटले आणि "तुम्हाला कुठे दिसला होता?" म्हणून विचारले, तर काय सांगावे? आज तुमच्यासमोर बोललो, आता तेथेही बोलू शकेन असे वाटते. येत्या सुट्टीत जाणार आहे. कोणी सोबत येणार असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटावे.



नमो बुद्धाय. जयभीम.